मालिकेला शेवट हवा



व्याख्यानमालांच्या व्यासपीठावर संतसाहित्य, राज्यघटना, शेतीचे अर्थकारण, नाटक, संगीत अशा विषयांना हक्काची जागा आहे. दूरचित्रवाणीवरच्या मालिकेला ती अजून मिळालेली नाही. मालिका हा बघण्याचा आणि विसरण्याचा प्रकार, त्यावर विचार कसला करायचा, असे आपण धरून चालतो. पण आज मराठी घरात रोज जी गोष्ट ऐकली आणि पाहिली जाते, ती बहुतेक वेळा मालिकेतूनच येते. ज्या कलाप्रकाराला समाज इतका वेळ देतो, त्याची चिकित्सा झालीच पाहिजे. म्हणून आज मी जपानी दूरचित्रमालिकांविषयी बोलणार आहे. त्या परक्या आहेत, नीटनेटक्या आहेत किंवा सध्या तरुणांना आवडतात, एवढ्यासाठी नाही. मालिका या प्रकाराविषयीचा एक मूलभूत प्रश्न तिथे स्वच्छ दिसतो, म्हणून. माझे म्हणणे असे : मालिकेचा शेवट केव्हा होणार हे आधी ठरलेले असेल, तरच लेखक आपल्या पात्रांच्या कृतींना जबाबदार राहतो, आणि प्रेक्षकाने दिलेल्या वेळेचा मान राखला जातो. हे मी उदाहरणांनी मांडतो आणि त्यावर येणारे आक्षेपही विचारात घेतो.

आधी रचना समजून घेऊ. जपानमध्ये दूरचित्रवाणीचे नियमित प्रसारण १९५३ साली सुरू झाले. त्या वर्षी फेब्रुवारीत एनएचके ही सार्वजनिक वाहिनी आली, ऑगस्टमध्ये पहिली खासगी वाहिनी आली. पुढच्या काळात मालिकांचे तीन साचे रुळले. पहिला सकाळच्या मालिकेचा. १९६१पासून एनएचके ती दाखवत आली आहे. भाग पंधरा मिनिटांचा, सुरुवातीच्या दशकांचा अपवाद सोडला तर मालिका साधारण सहा महिन्यांची. पूर्वी आठवड्याला सहा भाग, २०२०पासून पाच. दुसरा साचा १९६३पासून चालत आलेल्या ऐतिहासिक मालिकेचा : रविवारी रात्री एक भाग, आणि सुमारे वर्षभरात कथा संपूर्ण. तिसरा साचा खासगी वाहिन्यांच्या तिमाही मालिकांचा. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत नव्या मालिका सुरू होतात आणि आठवड्याला एक याप्रमाणे दहा-अकरा भागांत संपतात. तिन्ही साच्यांत एक गोष्ट समान आहे. पहिल्या भागाचे चित्रीकरण होते तेव्हाच कथेला किती अवकाश आहे, हे लेखकाला ठाऊक असते आणि प्रेक्षकालाही ठाऊक असते.

या ठाऊक असण्याने काय घडते, याचा सर्वात मोठा पुरावा ‘ओशिन’. हाशिदा सुगाको यांनी लिहिलेली ही सकाळची मालिका, अपवाद म्हणून वर्षभराची, एप्रिल १९८३ ते मार्च १९८४ या काळात २९७ भागांत झाली. तिच्या प्रेक्षकसंख्येची सरासरी ५२.६ टक्के होती, आणि एका भागाने ६२.९ टक्क्यांपर्यंत मजल मारली. पुढे ती साठाहून अधिक देशांत दाखवली गेली. इराणसारख्या, युद्धाने होरपळत असलेल्या देशात ती घराघरांत पोचली. तिची मांडणी नीट पाहा. मालिका सुरू होते १९८३मध्ये, म्हणजे प्रेक्षकाच्या वर्तमानकाळात. घराण्याच्या दुकानसाखळीतले नवे दुकान उघडण्याच्या दिवशी वृद्ध ओशिन कोणालाही न सांगता घर सोडून जाते. मग कथा मागे जाते : यामागाताच्या डोंगराळ मुलखातले कुळाचे दरिद्री घर, आणि तांदळाच्या पोत्याच्या बदल्यात चाकरीला पाठवलेली लहान मुलगी. ही मुलगी जगणार आहे, श्रीमंतही होणार आहे, हे पहिल्याच दिवशी कळलेले असते. त्यामुळे ‘आता हिचे काय होणार’ या टांगणीवर मालिका चालवण्याचा सोपा मार्ग लेखिकेने स्वतःच बंद केला. उरला तो अवघड प्रश्न : इथपर्यंत पोचताना हिने काय गमावले, आणि ते परत मिळण्यासारखे आहे का?

या प्रश्नामुळे ‘ओशिन’मधल्या प्रत्येक दुःखाला हिशेबात जागा मिळते. १९२३च्या भूकंपात संसार उद्ध्वस्त झाल्यावर ती नवऱ्याच्या मूळ मुलखात, सागा इथे सासरी जाते. सासू तिला जाचते, अपार कष्टाला जुंपते. हा भाग इतका कठोर होता की सागाच्या लोकांनीही नाराजी व्यक्त केली. आपल्याकडच्या मालिकांना सासूचा जाच नवा नाही. फरक असा, की ओशिनचे सासरचे दिवस संपतात. ती मुलाला घेऊन घर सोडते, आणि त्या जाचाने तिला काय शिकवले व तिच्यातले काय मोडले, हे पुढच्या कथेत दिसत राहते. युद्ध येते. नवरा लष्कराला माल पुरवून भरभराट करून घेतो. मोठा मुलगा युद्धात मरतो. पराभवानंतर नवरा आत्महत्या करतो. ओशिनच्या मनात मात्र एक जुनी आठवण असते : लहानपणी लष्करातून पळालेल्या एका सैनिकाने तिला लिहायला-वाचायला शिकवले होते आणि युद्धाचा तिटकाराही दिला होता. ते ठाऊक असूनही आपण सुबत्तेच्या काळात गप्प राहिलो, हा तिचा अपराध तिच्या स्वतःच्या नजरेत कायम राहतो. सोशिक बाईची कहाणी म्हणून जगाने ही मालिका डोक्यावर घेतली. माझ्या मते हाशिदा यांनी त्याहून मोठे काम केले. समृद्ध झालेल्या देशाला त्यांनी त्याच्या समृद्धीची किंमत मोजून दाखवली. ज्या कथेला शेवट नाही, तिला ही बेरीज कधीच मांडता येत नाही.

हे यश एका लेखिकेचे आणि एका काळाचे आहे, असे वाटू नये म्हणून अलीकडची दोन उदाहरणे देतो. २०१३ची ‘आमाचान’ ही कुदो कानकुरो यांची सकाळची मालिका. टोकियोतून ईशान्येच्या किनाऱ्यावर आजीकडे आलेली मुलगी समुद्रात बुड्या मारून समुद्री अर्चिन काढणाऱ्या बायकांमध्ये रमते, पुढे गायिका व्हायला निघते. मालिका हसरी, गाणी-गोंधळाने भरलेली. पण कथा २००८मध्ये सुरू होते आणि त्याच किनाऱ्यावर घडते, जिथे ११ मार्च २०११ रोजी त्सुनामी आली. प्रत्येक प्रेक्षकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते की ती तारीख येणार. ती शेवटच्या महिन्यात आली. गावाच्या छोट्या प्रतिकृतीची मोडतोड दाखवून लेखक-दिग्दर्शकांनी लाटेचे दृश्य टाळले, आणि उरलेले भाग पुन्हा उभे राहण्याला दिले. आधीचे सारे हसू त्या तारखेमुळे मोलाचे ठरले. दुसरे उदाहरण २०२४च्या ‘तोरा नि त्सुबासा’चे. जपानच्या पहिल्या महिला वकिलांपैकी एक आणि पुढे न्यायाधीश झालेल्या मिबुची योशिको यांच्या जीवनावर ती बेतली आहे. सुरुवातीलाच नायिका युद्धोत्तर राज्यघटनेतले समतेचे कलम वर्तमानपत्रात वाचताना दिसते आणि तिला रडू आवरत नाही. मग कथा मागे, तिच्या तरुणपणाकडे जाते. जिला कायद्याने दुय्यम ठरवले होते तिला ते कलम एवढे का लागले, हे समजेपर्यंत आठवडे जातात. तोवर कायद्याची कलमे प्रेक्षकाच्या जिव्हाळ्याची झालेली असतात.

आता तिमाही मालिकांकडे येऊ. तिथे अवकाश कमी, म्हणून शिस्त अधिक. २०१६च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातली, नोगी आकिको यांनी चित्रकथेवरून लिहिलेली एक मालिका अकरा भागांची. मिकुरी ही सुशिक्षित पण बेरोजगार तरुणी हिरामासा या अविवाहित नोकरदाराच्या घरी पगारी घरकाम करू लागते, आणि ते काम टिकावे म्हणून दोघे करारापुरते लग्न करतात. अपेक्षेप्रमाणे प्रेम जमते. कुठल्याही देशातली प्रेमकथा इथे थांबली असती. इथे मात्र दहाव्या भागात तो खऱ्या लग्नाचा प्रस्ताव मांडतो, आणि लग्न झाल्यावर पगार द्यावा लागणार नाही, पैसा वाचेल, असा हिशेब दाखवतो. ती विचारते, की प्रेमाच्या नावाखाली हे फुकटात काम करून घेणे नव्हे का? पुढच्या आठवड्यात मालिका संपणार असते. प्रश्न टाकून पळ काढायला लेखिकेला जागा नसते. शेवटच्या भागात दोघे घराकडे भागीदारीचा उपक्रम म्हणून पाहायला शिकतात, चुकतात, पुन्हा वाटाघाटी करतात. घरकामाचे मोल हा स्त्रीवादी अर्थशास्त्रातला जुना वाद. तो कोट्यवधींच्या करमणुकीत आला, आणि उत्तर देण्याची मुदत ठरलेली असल्यामुळे तो नुसता चघळला गेला नाही.

साकामोतो युजी यांची २०१०ची ‘मदर’ हीही अकरा भागांची. घरात छळ सोसणाऱ्या मुलीला तिची शिक्षिका पळवून नेते आणि आई म्हणून वाढवू पाहते. माणुसकीने बरोबर आणि कायद्याने गुन्हा, अशा कृतीतून कथा सुरू होते. मालिका लांबवायची असती तर ही जोडी शहरामागून शहरे पळत राहिली असती. साकामोतो यांनी पोलिस, न्यायालय आणि ताटातूट हे सारे घडू दिले, आणि त्या बाईच्या प्रेमाला तसूभरही कमी लेखले नाही. या कथेचे पुढे अनेक देशांत नवे अवतार झाले. तुर्कस्तानात आणि दक्षिण कोरियात ती तिथल्या समाजाला साजेशी, अधिक भागांची झाली, आणि तिथेही तिने शेवट टाळला नाही. याच लेखकाने तरुणपणी, १९९१ साली, लिहिलेली ‘टोकियो लव्ह स्टोरी’ आठवा. तिच्या अखेरच्या भागाला टोकियो परिसरात ३२.३ टक्के प्रेक्षक मिळाले, आणि त्या भागात नायक-नायिका एकत्र येत नाहीत. प्रेक्षकाला गोड शेवटच हवा असतो, या समजुतीला हा आकडा उत्तर देतो. प्रेक्षकाला खरा शेवट हवा असतो.

या मांडणीवर पहिला आक्षेप व्यवहाराचा आहे. जपानी मालिका लहान असतात त्या कलेसाठी नव्हे, तर जाहिरातींचे तिमाही व्यवहार आणि नटांच्या तारखा यांच्या सोयीने, असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. खासगी वाहिनी कलेसाठी उपाशी राहत नाही. पण साचा कोणत्या कारणाने तयार झाला आणि त्यात काय घडवता आले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. संगीत नाटकाचे अंक कमी झाले, एकांकिका स्पर्धांच्या वेळेत बसल्या, दिवाळी अंकांच्या पानांनी मराठी कथेची लांबी ठरवली. त्यामुळे त्या कलाकृती उण्या ठरल्या नाहीत. उलट मोहाचा क्षण आला तेव्हा साचा किती उपयोगी पडला, हे ‘हानझावा नाओकी’ने दाखवले. बँकेतल्या अन्यायाशी झुंजणाऱ्या अधिकाऱ्याची, इकेइदो जुन यांच्या कादंबऱ्यांवरची ही २०१३ची मालिका टीबीएस या खासगी वाहिनीवर झाली. दहाव्या आणि शेवटच्या भागाला टोकियो परिसरात ४२.२ टक्के प्रेक्षक होते. शेवटी नायक जिंकतो आणि लगेच त्याची बदली होते, प्रेक्षक हळहळले. तरी मालिका तिथेच संपली. दुसरे पर्व आले ते थेट २०२०मध्ये, तेही दहा भागांचे. इतके प्रेक्षक हाती असताना थांबणे एखाद्या माणसाच्या मनोनिग्रहावर सोडले असते तर जमले नसते. ते व्यवस्थेने जमवले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो करणाऱ्यांविषयी मला आदर आहे. एकट्या माणसाला, आजारी माणसाला, दिवसभर राबून संध्याकाळी टेकणाऱ्या बाईला मालिका सोबत देते; ती सोबत तोडण्याचा अधिकार टीकाकाराला कोणी दिला? जपानमध्येही ही भूक आहे. १९६८मध्ये सुरू झालेल्या ‘ओतोको वा त्सुराइ यो’ या मालिकेच्या शेवटी नायक तोरा सापाच्या दंशाने मरतो. प्रेक्षकांनी वाहिनीवर संताप व्यक्त केला. दिग्दर्शक यामादा योजी यांनी त्याला चित्रपटात पुन्हा जिवंत केले, आणि तोराचे चित्रपट दशकानुदशके येत राहिले. म्हणजे शेवट नाकारण्याचा प्रेक्षकाचा हक्क जपाननेही मानला. पण कसा मानला, ते पाहा. प्रत्येक चित्रपट स्वतंत्र गोष्ट म्हणून पूर्ण होतो. होक्काइदोच्या फुरानो परिसरात घडणारी, कुरामोतो सो यांची ‘कितानो कुनि कारा’ १९८१मध्ये सुरू झाली आणि चोवीस भागांत पूर्ण झाली. नंतर २००२पर्यंत मधूनमधून तिचे विशेष भाग येत राहिले. मधल्या वर्षांत त्यातली मुले खरोखर मोठी झाली आणि वाढलेल्या वयाचे प्रश्न घेऊन परतली. आणि रोजच्या सोबतीचे म्हणाल, तर सकाळच्या मालिकेहून नियमित सोबत ती कोणती? रोज ठरलेल्या वेळी, सहा महिने. ओळखीचे माणूस गावाला जाते तशी ती निरोप घेते आणि पुढच्या सोमवारी त्याच वेळी दुसरी येते. सोबत टिकवायला एकच गोष्ट अनंत ताणावी लागत नाही.

याच मुद्द्यात तिसऱ्या आक्षेपाचेही उत्तर आहे. तो उपजीविकेचा. रोजच्या मालिकेवर नट, लेखक, प्रकाशयोजनाकार, रंगभूषाकार, सेटवरचे कामगार यांची घरे चालतात. मालिका छोटी केली तर त्यांचे काय, असे निर्माते विचारतात. प्रश्न रास्त आहे. एनएचकेने यावर व्यवस्था शोधली आहे. सकाळच्या मालिकेची एप्रिल ते सप्टेंबरची जबाबदारी टोकियो केंद्राकडे आणि ऑक्टोबर ते मार्चची ओसाका केंद्राकडे असते. एक केंद्र दाखवत असताना दुसरे तयारी करते. वेळ कायम, काम कायम, कथा तेवढी बदलते. यावर कोणी म्हणेल की एनएचके प्रेक्षकांच्या शुल्कावर चालते, तिला जाहिरातदाराची भीती नाही. खरे आहे. पण तिमाही मालिका खासगी वाहिन्याच चालवतात, तेही अनेक दशके. मालिका संपते तेव्हा ती वेळ रिकामी होत नाही. नव्या कथेची जाहिरात आधीच सुरू झालेली असते. आणखी एक लाभ होतो. वर्षाला चार वेळा जागा मोकळी होत असेल तर नव्या लेखकाला दार उघडते. एकाच कथेने तेच दार अडवले, तर तेवढ्या वर्षांत त्या वेळेपुरती एका पिढीतल्या लेखकांना संधीच मिळत नाही.

चौथा आक्षेप असा, की शेवट ठरला म्हणजे मालिका चांगली होते असे कुठे आहे? अजिबात नाही. जपानमध्येही ठोकळेबाज तिमाही मालिका दरवर्षी येतात आणि विसरल्या जातात. दुसऱ्या बाजूने, तिथे दीर्घकाळ चालणारे प्रकारही आहेत. ‘साझाए-सान’ ही चित्रमालिका १९६९पासून चालू आहे. पण अशा बहुतेकींत प्रत्येक भागाची गोष्ट त्याच भागात संपते. ‘शिन्या शोकुदो’ घ्या. २००९मध्ये आलेल्या या मालिकेत शिंजुकूतली एक छोटी खानावळ मध्यरात्री उघडते आणि सकाळी सातला बंद होते. पंचवीसेक मिनिटांच्या एका भागात एक पदार्थ आणि तो मागणारे एक माणूस; त्याची गोष्ट त्याच रात्री पुरी. पर्वे कितीही येवोत, लेखकाची जबाबदारी प्रत्येक भागात चुकती होते. म्हणून माझा दावा मर्यादित आहे. शेवट चांगल्या मालिकेची हमी देत नाही; शेवट नसेल तर मात्र एका जातीचा चांगुलपणा अशक्यच होतो. जिथे मेलेला माणूस प्रेक्षकसंख्या घसरताच परततो, जिथे खलनायिकेचे पाप उघड होऊनही पुढच्या आठवड्यात पुसले जाते, तिथे पात्राच्या कोणत्याही कृतीला परिणाम उरत नाही. आणि परिणाम नसलेल्या कृतीतून नीती-अनीतीचा विचार उभाच राहू शकत नाही.

मराठी आणि भारतीय दूरचित्रवाणीला हे परके नाही. एकेकाळी दूरदर्शनवर तेरा भागांच्या मंजुरीची रीत होती. फाळणीवरची गोविंद निहलानींची ‘तमस’ १९८८मध्ये मोजक्या भागांत झाली आणि अजून विसरली गेलेली नाही. त्याच वर्षी सुरू झालेली श्याम बेनेगलांची ‘भारत एक खोज’ ५३ भागांत पाच हजार वर्षे फिरून आली. खासगी वाहिन्यांच्या काळात ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका अकरा वर्षांहून अधिक चालली आणि तिने तीन हजार भाग ओलांडले. त्याच काळात, २०१२मध्ये, ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ लोकप्रिय असताना काही महिन्यांत आटोपती घेतली गेली, आणि प्रेक्षक तिचे नाव आजही आपुलकीने घेतात. म्हणजे आपल्याकडे प्रेक्षक नाही, लेखक नाही, परंपरा नाही, यातले काहीच खरे नाही. व्यवस्था नाही, एवढेच खरे आहे, आणि व्यवस्था बदलता येते.

म्हणून माझी मागणी छोटी आणि पूर्ण करण्याजोगी आहे. मराठी वाहिन्यांनी संध्याकाळची एक वेळ, फक्त एक, ठरलेल्या मुदतीच्या मालिकांना द्यावी. सहा महिन्यांची मुदत पहिल्याच भागात जाहीर करावी आणि प्रेक्षकसंख्या कितीही चढली तरी पाळावी. पुढची मालिका दुसऱ्या लेखकाकडे, दुसऱ्या चमूकडे आधीच सोपवावी. लेखकांनी करारात शेवट लिहून घेण्याचा आग्रह धरावा. आणि आपण प्रेक्षकांनी, नवी मालिका सुरू झाली की तिच्या कर्त्यांना एकच प्रश्न विचारावा : ही कुठे संपणार आहे? ज्यांना उत्तर ठाऊक आहे, त्यांना आपला वेळ द्यावा.